गोदाम भरलेलं, तरी लाइन अडलेली: पुरवठा साखळीची घडी कुठून बसवायची?

साखळीदुवा

मंडळी, सल्ला हवा आहे. मोठा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची कंपनी औद्योगिक यंत्रं बनवते. दहा वर्षं मी असेंब्लीत काढली आणि गेल्या महिन्यात पुरवठा साखळीची जबाबदारी माझ्याकडे आली. एकूण सुटे भाग साधारण ३,२०० आणि पुरवठादार १४०. गोदामात पाय ठेवायला जागा नाही, तरी रोज सकाळच्या बैठकीत शॉर्टेज लिस्ट, म्हणजे कमी पडलेल्या भागांची यादी, वाचण्यातच अर्धा तास जातो. गेल्या आठवड्यात ११ यंत्रं अर्धवट उभी होती. त्यातली ४ निव्वळ एका ओ-रिंगसाठी (गळती थांबवणारं रबरी कडं) अडली होती.

विक्री विभाग म्हणतो साठा वाढवा, फायनान्स म्हणतं कमी करा, परचेस म्हणतं पुरवठादार ऐकत नाहीत. वरिष्ठांपुढे तीन प्रस्ताव आहेत: नवं सॉफ्टवेअर, दुसरं गोदाम आणि प्रत्येक भागाला आणखी एक पुरवठादार. माझं मत असं, की माल एवढा असून हवा तो का नाही हे कळेपर्यंत यातलं काहीच करू नये. पण नुसतं "थांबा" म्हणून बैठकीत भागत नाही.

तुम्ही ही घडी कशी बसवलीत? सुरुवात कुठून केलीत?

जुना_स्टोअरकीपर

तुमचं "थांबा" बरोबर आहे. २६ वर्षं स्टोअर्स सांभाळून सांगतो, आधी मोजा.

कॉम्प्युटरवर ४० नग, बिनमध्ये (भाग ठेवायच्या खोक्यात) शून्य, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. याच्या उलटही होतं. भाग तिसऱ्याच रॅकवर जुन्या पार्ट नंबरने पडलेला असतो आणि परचेसवाले नवीन मागवत असतात. ड्रॉइंग बदललं, नंबर बदलला, जुन्या मालाचं काय करायचं ते कोणी ठरवलं नाही. असे भाग रॅकवरच म्हातारे होतात.

दुसरी जागा म्हणजे इनवर्ड, जिथे माल आत येतो. ट्रक उतरला, माल क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, रॅकवर गेला आणि चार-पाच दिवस तिथेच पडून राहिला. तोवर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेली नसते, म्हणजे सिस्टिमच्या लेखी तो माल आलेलाच नाही. लाइन त्याच्यासाठी अडलेली आणि माल लाइनपासून ५० पावलांवर! उद्या सकाळी शॉर्टेज लिस्ट घेऊन क्यूसीच्या रॅकसमोर उभे राहा. दोन-तीन भाग तरी सापडतील, खात्रीने सांगतो.

आणि वर्षातून एकदा दोन दिवस कंपनी बंद ठेवून जी मोजदाद करता, ती बंद करून सायकल काउंटिंग लावा.

नवशिक्या

सायकल काउंटिंग म्हणजे नक्की काय?

जुना_स्टोअरकीपर

रोज थोडे थोडे भाग मोजायचे. महागडे महिन्यातून एकदा, मधले तिमाहीत, बाकीचे वर्षातून दोनदा. फरक सापडला की नुसता आकडा दुरुस्त करून पुढे जायचं नाही, तो का पडला ते त्याच दिवशी शोधायचं. वर्षाअखेरीच्या मोजणीत फरक कळतो, पण कारण केव्हाच विरून गेलेलं असतं.

गणितवेडी

स्टोअरकीपर काकांशी पूर्ण सहमत. मोजणी चुकली तर माझं सगळं गणित वाया. पण आकडे खरे झाल्यावर पुढे काय, ते सांगते.

सुरक्षित साठा, म्हणजे सेफ्टी स्टॉक, किती ठेवायचा हे बहुतेक ठिकाणी "१५ दिवसांचा ठेवा" असं तोंडी ठरतं. त्याचं सरळ गणित आहे. समजा एका भागाची रोजची सरासरी मागणी १०० नग आहे आणि ती रोज ३० नगांनी वरखाली होते (प्रमाण विचलन). पुरवठ्याला बरोबर १६ दिवस लागतात. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून १६ दिवसांतली अनिश्चितता ३० गुणिले ४, म्हणजे १२० नग. माल येईपर्यंत साठा न संपण्याची खात्री ९५ टक्के हवी तर १.६५ ने गुणायचं. उत्तर १९८ नग.

आता मागणी तीच, पण पुरवठादार कधी १२ दिवसांत देतो, कधी २० दिवसांत. सरासरी १६ च आहे, विचलन ४ दिवसांचं. यासाठी दोन अनिश्चितता एकत्र कराव्या लागतात: १६ गुणिले ३० चा वर्ग, अधिक १०० चा वर्ग गुणिले ४ चा वर्ग. बेरीज १,७४,४००. तिचं वर्गमूळ ४१८ च्या आसपास, गुणिले १.६५, म्हणजे ६८९ नग. साडेतीन पट साठा, आणि तोही केवळ पुरवठादाराच्या तारखेचा भरवसा नाही म्हणून!

तिसरा पुरवठादार घ्या. त्याला २० दिवस लागतात, पण २० म्हणजे २०. त्याच्यासाठी २२१ नग पुरतात. परचेसच्या तक्त्यात मात्र १६ दिवसवाला "जलद" आणि हा "संथ" असतो. तक्त्यात सरासरीचा रकाना असतो, चढउताराचा नसतो. साखळीदुवा, तुमच्याकडे तो रकाना आहे का ते बघा.

वाटेवरचा_ट्रक

गणितवेडी, छान समजावलंत, पण एक गोष्ट सुटली. २० दिवसवाल्याकडून घेतलं तर ४ दिवसांचा माल, म्हणजे ४०० नग, जास्तीचे कायम वाटेत राहणार. २२१ अधिक ४०० म्हणजे ६२१. मग ६८९ च्या तुलनेत फायदा उरतो किती?

गणितवेडी

मुद्दा रास्त आहे, मी तो लिहायला हवा होता. फायदा ६८ नगांवर येतो. मात्र ते ४०० नग तुमच्या खात्यावर कधी चढतात हे करारावर ठरतं. त्या २० दिवसांतले १५ दिवस पुरवठादाराच्या कारखान्यात जात असतील आणि पैसे माल पोचल्यावर द्यायचे असतील, तर त्या मालाचा भार तुमच्यावर नाही. समुद्रमार्गे येणारा, आगाऊ पैसे दिलेला माल असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू.

परचेसची_बाजू

वाचत होतो, आता लिहितोच. पुरवठादार बेभरवशाचा का होतो, हेही कोणीतरी विचारा.

मी १४ वर्षं परचेसमध्ये आहे. आम्हाला मोजतात फक्त दरावर. वर्षाअखेरीस विचारतात, दर किती टक्के कमी केलात? मग मी ५०० ऐवजी ५,००० ची ऑर्डर टाकतो, दर खाली येतो, माझं कौतुक होतं आणि ४,५०० नग गोदामात बसतात. ज्या भागावर दर पाडायला वाव नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ उरत नाही. तुमची ओ-रिंग त्यातलीच. साखळीदुवा, तुमचं गोदाम भरलंय आणि लाइन अडलीये, या दोन्हींचं मूळ इथे एकच असू शकतं.

आणखी एक काम करा. गेल्या सहा महिन्यांच्या पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, काढा आणि त्यांतल्या तारखा किती वेळा तुमच्याच कंपनीने बदलल्या ते मोजा. आधी "१० तारखेला हवं", मग "थांबा, पुढच्या महिन्यात द्या", मग "कालच हवं होतं". अशा तीन फोननंतर चौथ्या तारखेवर पुरवठादाराने विश्वास का ठेवावा? जो ग्राहक तारीख बदलत नाही आणि बिल वेळेवर चुकतं करतो, त्याचा माल तो आधी काढतो.

चिमटा

परचेसची_बाजू, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या सकाळच्या बैठकीत लावतो. आमच्याकडे कायम आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

लाटांचा_अभ्यासक

"कालच हवं होतं" वरून आठवलं. या रोगाला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, म्हणजे चाबकाचा परिणाम. मूठ जराशी हलते आणि टोक सपकन जातं. अमेरिकी प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या पुस्तकात हा मांडला. त्यांच्याच गटाने एमआयटीत एक खेळ तयार केला, तो आजही जगभर शिकवतात. साखळीत चौघं: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. ग्राहकाची मागणी आठवड्याला ४ पेट्या असते, ती एकदाच ८ होते आणि पुढे ८ च राहते. बस्स. तेवढ्यावर कारखान्याकडे पोचणाऱ्या ऑर्डरी आधी कित्येक पट फुगतात आणि नंतर शून्यावर येतात. प्रत्येकाला वाटतं, पलीकडचाच वेडा आहे. पत्ते उघडल्यावर कळतं की ग्राहक तर शांत बसला होता.

मी हा खेळ आमच्या कंपनीत खेळवला. विक्रीवाल्यांना कारखान्याच्या जागी बसवलं आणि उत्पादनवाल्यांना विक्रेत्याच्या. दोन तासांनी जी चर्चा झाली तशी त्याआधी कधी झाली नव्हती.

१९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी याची चार कारणं नेमकी सांगितली: प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम टाकणं, दरातल्या सवलती, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागणं. त्यांच्या चर्चेतलं गाजलेलं उदाहरण प्रॉक्टर अँड गँबलच्या डायपरचं आहे. बाळं डायपर एकाच वेगाने वापरतात, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी भलत्याच वरखाली होत होत्या. परचेसची_बाजू यांच्या "५०० ऐवजी ५,०००" मध्ये दुसरं आणि तिसरं कारण एकदम आलंय.

कमीत_कमी

इतकी चर्चा कशाला? साठा हाच रोग आहे. टोयोटासारखं करा, लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. साठा काढून घेतला की अडचणी आपोआप वर येतात आणि सोडवाव्या लागतात.

लाटांचा_अभ्यासक

अडचणी वर येतात हे खरं. पण टोयोटाची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन या पुरवठादाराच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा. टोयोटाच्या गाड्यांना लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तिथूनच यायचे आणि हाताशी साठा अगदी थोडा. टोयोटाचे जपानमधले कारखाने थांबले. काही दिवसांत ते पुन्हा उभे राहिले, कारण हा भाग पूर्वी कधीच न बनवलेले डझनावारी पुरवठादार ड्रॉइंगं घेऊन कामाला लागले. वर्षानुवर्षं सांभाळलेलं नातं तिथे उपयोगी पडलं. ते नातं नसताना नुसता साठा शून्य केला, तर पहिल्याच आगीत सगळं बसेल.

आणि २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानेच आपल्या पुरवठादारांना महत्त्वाच्या चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीला तोच कामी आला.

कमीत_कमी

हे माहीत नव्हतं. साठा कमी करण्याआधी पुरवठा भरवशाचा करायला हवा, इथवर मान्य. पण परचेसची_बाजू म्हणतात तसे जे ४,५०० नग गोदामात बसतात ते कुठल्याच आगीसाठी ठेवलेले नसतात, हा माझा मुद्दा मी सोडत नाही.

पर्यायी_मार्ग

तिसऱ्या प्रस्तावाबद्दल लिहितो, प्रत्येक भागाला आणखी एक पुरवठादार. सरसकट नको. १४० चे २८० झाले तर फोन करायला माणसं कुठून आणणार?

पीटर क्रालिच यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक साधी चौकट आहे. भागाचा खर्चावर परिणाम किती आणि तो मिळण्यातली जोखीम किती, या दोन प्रश्नांनी सगळे भाग चार गटांत पडतात. स्वस्त पण एकाच ठिकाणी मिळणारा भाग हा सगळ्यात फसवा. खर्चाच्या यादीत तो तळाला असतो, म्हणून कोणी बघत नाही. दुसरा पुरवठादार तिथे शोधा, किंवा सरळ भरपूर साठा ठेवा. बोल्ट कुठेही मिळतात, तिथे एकच चांगला माणूस धरा.

१७ मार्च २००० ला अमेरिकेत अल्बुकर्कीमधल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण उत्पादन बिघडलं. नोकिया आणि एरिक्सन दोघंही तिथल्या चिपा घ्यायचे. नोकियाने लगेच पाठपुरावा केला आणि पर्यायी ठिकाणी उत्पादन हलवलं. एरिक्सन उशिरा जागी झाली, पर्याय नव्हता, आणि सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला. आग एक, बातमी एक, फरक पडला तो ती बातमी कंपनीत किती लवकर वर पोचली याचा. तुमच्या १४० पुरवठादारांपैकी ज्यांच्यावाचून लाइन थांबेल असे किती? त्यांची नावं कागदावर आहेत का?

विक्रीतली_मी

विक्रीची बाजू अजून कोणी मांडली नाही, म्हणून मी मांडते. ग्राहक आम्हाला विचारून मागणी बदलत नाही. तीन महिन्यांनी कोणतं मॉडेल किती जाईल हे अचूक सांगा, असं आम्हाला नेहमी म्हणतात. ते जमणार नाही, कोणालाच जमत नाही. एकूण यंत्रं किती जातील हे मात्र मी बऱ्यापैकी सांगू शकते, कारण एक मॉडेल कमी गेलं तर दुसरं जास्त जातं आणि चुका एकमेकींना छेदतात.

त्याचा उपयोग करून घ्या. ह्युलेट पॅकार्डने १९९० च्या दशकात प्रिंटरबाबत हेच केलं. वेगवेगळ्या देशांचे पॉवर सप्लाय आणि माहितीपुस्तिका कारखान्यात न घालता त्या त्या भागातल्या वितरण केंद्रात घालायला सुरुवात केली. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रिंटर सगळ्यांसाठी एकच, वेगळेपण जितकं उशिरा देता येईल तितकं उशिरा. आमच्याकडे रंग आणि कंट्रोल पॅनल शेवटच्या टप्प्यावर नेल्यापासून माझी आणि उत्पादनवाल्यांची भांडणं निम्म्यावर आली.

आणि अंदाज एकच असू द्या. विक्रीचा वेगळा, फायनान्सचा वेगळा, आणि परचेसवाले दोन्हींवर अविश्वास ठेवून तिसरा बांधतात.

वाटेवरचा_ट्रक

दुसऱ्या गोदामाबद्दल कोणीच बोललं नाही. माझं काम वितरणातलं, म्हणून लिहितो. चार ठिकाणचा साठा एकत्र केला आणि चारही ठिकाणची मागणी एकमेकांवर अवलंबून नसेल, तर सुरक्षित साठा निम्म्यावर येतो. चारचं वर्गमूळ दोन. उलटं गेलात, एकाची दोन गोदामं केलीत, तर तेवढ्याच खात्रीसाठी सुरक्षित साठा सुमारे ४० टक्के वाढतो. वर "तो भाग त्या गोदामात आहे" हे नवीन वाक्य रोज ऐकावं लागेल. ग्राहकाच्या जवळ जायचं असेल तर दुसरं गोदाम घ्या. जागा पुरत नाही म्हणून घेऊ नका.

अवांतर: २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला गेलं, आणि तिथून मालवाहतूक बदलली. जहाजाचा वेग काही वाढला नव्हता. बंदरात एकेक पोतं, एकेक खोकं चढवण्या-उतरवण्यात जाणारे दिवस वाचले. माल चालतो थोडा, थांबतो फार. आमच्या ट्रकांचंही तेच आहे, रस्त्यावर आठ तास आणि गेटबाहेर अकरा.

गणितवेडी

ट्रकदादांचं अवांतर अजिबात अवांतर नाही! जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हेच सांगतो. आत असलेली कामं म्हणजे कामं संपण्याचा वेग गुणिले प्रत्येक काम आत राहण्याचा काळ. साखळीदुवा, रोज २ यंत्रं पूर्ण होत असतील आणि लाइनवर ३० उभी असतील, तर प्रत्येक यंत्र सरासरी १५ दिवस आत राहणार. प्रत्यक्ष काम तीनच दिवसांचं असलं तरी.

म्हणून माझा आग्रह: सगळे भाग हातात असल्याशिवाय यंत्र सुरूच करू नका. "जेवढे आहेत तेवढे लावून ठेवू" म्हणून सुरू केलेलं यंत्र जागा अडवतं आणि दुसऱ्याला लागणारे भाग खातं. मग ओ-रिंगसाठी अडलेल्या यंत्राची मोटर काढून भलत्याच यंत्राला लावतात आणि कॉम्प्युटरवर कुठे काय आहे ते कोणालाच कळत नाही.

साखळीदुवा

तीन आठवड्यांनी परत आलोय. तुम्ही सांगितलेलं करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सहा आठवड्यांच्या शॉर्टेज लिस्ट काढल्या. एकूण ६४ भाग. त्यांतले ९ क्यूसीच्या रॅकवर होते, स्टोअरकीपर काका म्हणाले तसेच. १४ भाग पुरवठादाराकडून खरोखर उशिरा आले, पण त्यांतल्या ८ च्या तारखा आम्हीच बदलल्या होत्या. परचेसची_बाजू, तुमच्याबद्दल आमच्या खरेदी विभागात फार आदर निर्माण झालाय.

राहिलेले ४१ सगळे स्वस्त भाग. सील, क्लिप, वॉशर, केबलचे लग. त्यांची मागणी सिस्टिम वेळेवर का काढत नाही ते शोधलं. ३,२०० पैकी जवळपास १,९०० भागांचा लीड टाइम, म्हणजे मागवल्यापासून माल येईपर्यंतचा काळ, सिस्टिममध्ये बरोबर ३० दिवस आहे. सॉफ्टवेअर बसवताना कोणीतरी रकाना भरायचा म्हणून ३० टाकला आणि तो नंतर कोणी बदललाच नाही. प्रत्यक्षात काही भाग ५ दिवसांत येतात, म्हणून त्यांचे ढीग लागलेत. काहींना ७० दिवस लागतात, म्हणून ते कायम शॉर्टेज लिस्टवर. नवं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर त्यातही तेच ३० गेले असते. हे बैठकीत दाखवलं आणि सॉफ्टवेअर आणि गोदाम, दोन्ही प्रस्ताव सध्या बाजूला ठेवलेत.

आता हे सुरू केलंय: गेल्या वर्षभराच्या जीआरएनवरून खरे लीड टाइम आणि त्यांचा चढउतार. क्यूसीचा निकाल २४ तासांत. पुढच्या तीन आठवड्यांची योजना गोठवलेली, म्हणजे त्यात बदल नाही. ४१ भागांना दोन बिनची पद्धत: एक रिकामी झाली की मागवायचं, तोवर दुसरी वापरायची. भाग पूर्ण असल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, यावर मात्र उत्पादनाशी रोज वाद होतो. माणसं रिकामी बसलेली मलाही बघवत नाहीत, मी स्वतः तिथूनच आलोय.

कमीत_कमी

माणसं रिकामी दिसली तर त्यांना सायकल काउंटिंगला पाठवा. आम्ही तेच केलं. असेंब्लीच्या माणसाला भाग बघताक्षणी ओळखू येतो.

जुना_स्टोअरकीपर

दोन बिनमध्ये एक काळजी घ्या. पहिली बिन रिकामी झाली की तिचं कार्ड त्याच दिवशी परचेसला गेलं पाहिजे. आमच्याकडे ती कार्डं एकाच्या खिशात आठवडाभर राहायची. शेवटी भिंतीवर खिळा ठोकला आणि रोज चार वाजता परचेसचा माणूस स्वतः येऊन कार्डं नेऊ लागला.

नवशिक्या

हा धागा तीनदा वाचला. एकच विचारायचं राहिलं, त्या ओ-रिंगचं काय झालं?

साखळीदुवा

सापडली. मागच्या वर्षी ड्रॉइंगची आवृत्ती बदलली, माप तेच राहिलं, फक्त पार्ट नंबर बदलला. जुन्या नंबरच्या ६०० ओ-रिंगा सी रॅकच्या वरच्या फळीवर होत्या. चारही यंत्रं त्याच दिवशी पूर्ण झाली.

जुना_स्टोअरकीपर

रबर आहे. लावण्याआधी पाकिटावरची तारीख पाहिलीत ना?

साखळीदुवा

पाहिली, काका. मुदतीत होत्या. पण तुम्ही विचारल्यावर पुन्हा गोदामात जाऊन आलो. शेजारच्या खोक्यातल्या सीलची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. ती आज पुढे काढून ठेवली.